आठ खिडक्या आणि एक सिलेंडर

गावच्या घरात सीना नदीचं पाणी शिरलं ते २०२५च्या घटस्थापनेच्या आठवड्यात. शेवटच्या खिडकीला रंगाचा शेवटचा हात लागला तो संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारीला. मधल्या साडेतीन महिन्यांत मी सुतारकाम शिकलो नाही, पण सुताराला काय विचारायचं एवढं कळलं. काचेच्या दुकानात दोनदा मूर्ख ठरलो. आमच्या भागात अजून बऱ्याच घरांच्या खिडक्यांना ताडपत्री आहे, म्हणून जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवतोय. गावाचं नाव लिहीत नाही, कारण कार्यालयातल्या माणसांबद्दलही थोडं लिहायचंय. विजापूर रोडनं गेलं की सोलापूरपासून तासाभराच्या आत पोचतो, एवढं पुरे.

मी चादरीच्या कारखान्यात हिशेब बघतो, राहतो जुळे सोलापुरात. आप्पा आणि आई गावी. घर १९८७ सालचं, विटांचं, वर स्लॅब. सहा खिडक्या सागवानी, प्रत्येकीला दोन झडपा आणि झडपेला तीन तावदानं. २०१६ साली स्वयंपाकघर आणि पुढची खोली नवी केली तेव्हा तिथं दोन अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. अशा आठ.

२२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी आईनं घट बसवला. दुपारनंतर वरच्या धरणांतून पाणी सोडल्याच्या बातम्या यायला लागल्या. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी, सगळीकडूनच विसर्ग. संध्याकाळी गावात दवंडी झाली. आप्पांनी जनावरं माळावर नेऊन बांधली, ज्वारीची पोती जमतील तेवढी माळ्यावर टाकली आणि घरातल्या आठही खिडक्या आतून कड्या लावून गच्च बंद केल्या. मग दोघं माझ्याकडं आले. आईच्या मांडीवर घट होता. गाडीत बसल्यावर आप्पा दोनदा म्हणाले, "खिडक्या लावल्यात, काय काळजी नाही."

पुढचे चार दिवस फोनवरच गेले. पाणी हत्तूरजवळ महामार्गावर आलं, विजापूरकडची वाहतूक थांबली. तिकडं लांबोटीला पुणे रस्त्याचीही तीच गत. पाणी उतरलं असं वाटेपर्यंत शनिवार-रविवारी परत चढलं. शेवटी ३० तारखेला, मंगळवारी, मी आणि आप्पा आत शिरलो.

भिंतीवर पाण्याची रेघ चार फूट दोन इंचांवर होती. खाली सात इंच काळा गाळ. आपली काळी माती ओली असताना पाय सोडत नाही आणि वाळली की भेगाळून दगड होते. दार उघडेना, कारण दार फुगलं होतं आणि आतून गाळ लागला होता. पुढच्या खोलीची सरकती खिडकी फुटलेली होती. तिथून हात घालून मी चिटकणी काढली आणि मनगट कापून घेतलं. हा पहिला धडा चार टाक्यांना पडला: गाळात काच दिसत नाही. गमबूट आणि जाड हातमोजे नसतील तर आत जाऊच नका, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घ्या. मी नंतर घेतलं. आत जायच्या आधी मेन स्विच बंद आहे का, हे मात्र आप्पांनी बघितलं होतं.

दोन सरकत्या खिडक्यांपैकी पुढच्या खोलीतलीची काच आत पडली होती. बाहेरून लाकडाचा ओंडका आला असणार, तो दारातच पडलेला होता. स्वयंपाकघरातलीची मात्र सगळी काच बाहेर, परसात. आम्ही दोघं बराच वेळ बघत उभे राहिलो. बाहेरून मार बसला तर काच आत पडायला हवी. मग मला अॅल्युमिनियमच्या पट्टीवर लाल रंगाचे ओरखडे दिसले, टिचभर अंतरावर चार-पाच. वर बघितलं तर सिलेंडर ओट्यावर आडवा झोपलेला. घरगुती सिलेंडर पाण्यावर तरंगतो, हे मला त्या दिवशी कळलं. रिकाम्याचं वजन पंधरा-सोळा किलो आणि आकार तेहतीस लिटरच्या आसपास, म्हणजे तो बुडणार कसा? भरलेलाही जेमतेम तरंगतो. पाणी वर येत गेलं तसा तो उठला आणि लाटेबरोबर खिडकीवर धडका देत राहिला. आप्पांनी खिडक्या लावल्या बाहेरच्या पाण्यासाठी, आणि काच फोडली घरातल्याच वस्तूनं. तुमच्याकडं पूर येणार असेल तर रेग्युलेटर काढून सिलेंडर बाहेर उंचावर न्या, नाहीतर खिडकीच्या गजाला साखळीनं बांधा. परत वापरायच्या आधी एजन्सीकडून तपासून घ्या. आम्ही बदलून घेतला.

लाकडी खिडक्यांच्या छत्तीस तावदानांपैकी नऊ पुरानं फोडली होती. पुढच्या आठवड्यात धुताना, ओढताना पाच मी फोडली.

२ ऑक्टोबरचा दसरा गाळ काढण्यातच गेला. शस्त्रपूजेला फावडं आणि घमेलं ठेवलं. गाळ ओला असतानाच काढा, हे गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधला गाळ मी "नंतर बघू" म्हणून ठेवला. आठवड्यानं तो असा बसला की आईच्या जुन्या उलथन्यानं आणि टूथब्रशनं एक ट्रॅक साफ करायला मला अडीच तास लागले. ट्रॅकला खाली पाणी जायची बारीक भोकं असतात. ती बुजलेली राहिली तर पहिल्याच पावसात पाणी घरात येतं. छत्रीची काडी घालून मोकळी केली.

फुटक्या काचा चौकटीतून काढताना एक युक्ती कामी आली. काचेवर खळ लावून वर्तमानपत्र चिकटवायचं, वाळलं की आतून हळू ठोकायचं. तुकडे कागदाला धरून एकत्र निघतात. ते पोत्यात भरून वर मोठ्या अक्षरात "काच" लिहिलं. कचरा उचलणाऱ्याचा हातही हातच आहे.

पंचनामा ३ ऑक्टोबरला झाला. तलाठी आणि ग्रामसेवक दोघं आले होते. त्या दिवशीचं त्यांचं ते चाळिसावं घर होतं, डोळे लाल, बुटात गाळ. तलाठ्यांनी विचारलं, "भिंत पडली का?"

"नाही. खिडक्या गेल्या. आठच्या आठ."

ते थोडे थांबले. मग समजावून सांगितलं, आणि त्यांनी सांगितलं हे बरंच झालं, नाहीतर मी महिनाभर आशेवर राहिलो असतो. आपत्ती मदतीच्या निकषात पक्क्या घराची अंशतः पडझड धरायला किमान १५ टक्के नुकसान लागतं. तेवढं असेल तर ६,५०० रुपये. खिडक्या त्यात बसत नाहीत. घरात पाणी शिरल्याची मदत वेगळी, तिच्यात आमचं नाव जाईल. धान्याचं किट मिळालं, गहू-तांदूळ दहा-दहा किलो.

मी एक केलं ते उपयोगी पडलं. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला टेप लावून, शेजारी आप्पांना उभं करून फोटो काढले. प्रत्येक खिडकीचा बाहेरून एक, आतून एक. साफसफाईच्या आधीचे. शेजारच्यांनी आधी घर धुतलं आणि मग पंचनाम्याची वाट बघितली. त्यांना रेघ दाखवायला दमछाक झाली.

अडचण दुसरीकडंच निघाली. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर घर अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन एकोणीस वर्षं झाली. घरपट्टी आप्पा भरतात, पावत्या आहेत, पण नाव बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. यादीत नाव पडलं आजोबांचं. मृत माणसाच्या खात्यावर पैसे कसे जाणार? तालुक्याच्या कार्यालयात दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत खिडकीवरच्या बाईंनी "वारसनोंद करून आणा" एवढंच सांगून मान खाली घातली. (तिथल्या खिडकीची काचही तडकलेली होती, चिकटपट्टी मारलेली. माझं लक्ष आता असल्याच गोष्टींकडं जायचं.) दुसऱ्या फेरीत दुसरे एक गृहस्थ भेटले. त्यांनी सांगितलं की सध्या आप्पा राहतात याचं स्वयंघोषणापत्र, दोन्ही चुलत्यांची संमती, घरपट्टीच्या पावत्या आणि आधार जोडा. मी पाचशेचा स्टॅम्प आणायला निघालो होतो, ते म्हणाले साधा कागद चालेल. एक चुलते पिंपरीला असतात. त्यांची सही मिळवायला सहा दिवस गेले. उताऱ्यावरचं नाव तपासायला पुराची वाट बघू नका.

६ तारखेला कोजागिरी होती. मी बिगारी शोधत फिरत होतो आणि गावातली निम्मी पोरं तुळजापूरला चालत गेली होती. सोलापूरकरांना हे सांगायला नको. घर बुडालं म्हणून भवानीची वारी चुकत नाही. ८ तारखेला दोघं मिळाले, पायाला फोड घेऊन.

सुतारमामा आले ११ ऑक्टोबरला, शनिवारी. आजोबांच्या वेळी याच खिडक्या त्यांच्या वडिलांनी केल्या होत्या. मी तयारीत होतो. झडपा फुगून चौकटीत अडकल्या होत्या, रंधा मारून बसत्या करायच्या, दिवाळीच्या आत काचा लावायच्या, असा माझा बेत. मामांनी एक झडप हातात घेतली, कडेला नख खुपसलं, नाकाशी नेली.

"काय करायलाव सर?"

"दिवाळी आहे मामा. बसवून टाकू."

"बसतील की. मग थंडीत लाकूड आत जाईल आणि तुमच्या फटीतनं मांजर येईल. घाई करू नका ओ. सागवान हाय, मरत नाही. वाळू द्या."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. घराला खिडक्या नाहीत, आई थंडीत काय करणार, आणि हा माणूस काम नको म्हणतोय. शेजारच्या आळीतल्या एकांनी दुसरा सुतार बोलावून त्याच आठवड्यात रंधा मारून झडपा बसवल्या. डिसेंबरात मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा दोन झडपांच्या मधून बोट आरपार जात होतं. त्यांनी फटीत चिंध्या भरल्या आहेत.

मामांनी त्या दिवशी केलं ते इतकंच. बिजागऱ्या सोडवून बाराही झडपा उतरवल्या. प्रत्येकीच्या मागं खिळ्यानं खूण कोरली, कुठल्या खिडकीची, डावी की उजवी. खडूची खूण करू नका, पुसते. राहिलेली तावदानं काढून घेतली. जुना ऑइलपेंट खरवडायला सांगितला, कारण रंगाखाली पाणी अडकून बसतं. झडपा मागच्या ओसरीत, सावलीत, आडव्या रचल्या, दोन झडपांच्या मध्ये तीन-तीन सारख्या जाडीच्या काठ्या. उन्हात ठेवली की झडप पिळते आणि मग ती जन्मात सरळ होत नाही. दर चार दिवसांनी उलथायच्या.

"वाळलं हे कळणार कसं?" मी विचारलं.

मामा म्हणाले हाताला कळतं. माझ्या हाताला कळणार नव्हतं. पण आप्पांनी दुसऱ्याच दिवशी धान्याचा वजनकाटा पुसून ओसरीत आणला. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीची डावी झडप नमुन्याला धरली. १२ ऑक्टोबर, ७ किलो ९०० ग्रॅम. पुढच्या रविवारी ७ किलो ३००. मग ६ किलो ९००. मग ६ किलो ६००, ६ किलो ५००, ६ किलो ४००. हे सगळे आकडे आप्पांनी भिंतीवर, पाण्याच्या रेघेच्या वर, पेन्सिलीनं एकाखाली एक लिहिले. सलग दोन रविवार वजन तेवढंच भरलं की लाकूड वाळलं. म्हणजे एका झडपेनं दीड लिटर सीना पिऊन ठेवली होती.

दिवाळी तशीच झाली. लक्ष्मीपूजन २१ तारखेला, खिडक्यांना बाहेरून निळी ताडपत्री. वाऱ्यानं ती रात्रभर फडफडायची. आई म्हणाली पाडव्याला तरी ती काढा, घर उघडं राहिलं तरी चालेल. काढली. खिडकीतून पलीकडच्या घरातले दिवे दिसले, त्यांच्याही खिडकीला काच नव्हती.

ताडपत्री लावणार असाल तर वरून आणि दोन्ही बाजूंनी बंद करा, खाली चार बोटं मोकळी ठेवा. आम्ही पहिल्यांदा चारी बाजूंनी गच्च मारली. आतल्या भिंतींना आठवड्यात हिरवी-काळी बुरशी चढली. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं पुसली, नाकाला फडकं बांधून.

मदतीचं प्रकरण दरम्यान सरकत होतं. ७ ऑक्टोबरला सरकारनं पॅकेज जाहीर केलं होतं, घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना १० हजार. आमचं नाव दुरुस्त होऊन दुसऱ्या यादीत आलं. यादीत नावापुढं एक विशिष्ट क्रमांक असतो, तो घेऊन सेवा केंद्रात आधारनं ई-केवायसी करायची. आप्पांचा अंगठा उमटेना. चाळीस वर्षं खुरपं धरलेला अंगठा, त्यावर रेषा राहिल्यात कुठं? तीन दिवस तीन वेळा प्रयत्न, प्रत्येक वेळी रांग. शेवटी सोलापुरात एका केंद्रावर डोळ्यांचं मशीन होतं, तिथं एका मिनिटात झालं. ज्यांच्या घरात कष्टकरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी आधी डोळ्यांचं मशीन कुठं आहे ते विचारा आणि मगच घराबाहेर पडा.

मग पैसे आलेच नाहीत. आप्पा रोज पासबुक घेऊन बँकेत. बारा दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला: पैसे पासबुक दिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात जातात. आप्पांचं आधार जोडलेलं होतं एका जुन्या खात्याला, जे आम्ही गॅसच्या सबसिडीसाठी उघडलं होतं. तिथं १० हजार १४ नोव्हेंबरपासून पडून होते. म्हणजे इथंही सिलेंडरच.

मामा परत आले नोव्हेंबरच्या शेवटी. बारापैकी नऊ झडपा जशाच्या तशा चांगल्या निघाल्या. दोन झडपांचे खालचे आडवे दांडे सडले होते, ते बदलले. एका चौकटीचा खालचा भाग हाताने चुरा होत होता, तिथं पुराच्या आधीपासूनच वाळवी असणार. जुन्या वाड्याचं सागवान २,४०० रुपयांना आणलं. मामांची मजुरी पाच दिवसांची ६,०००. बिजागऱ्या, कड्या, स्क्रू मिळून १,१५०. बिजागऱ्या धुऊन-तेल लावून वापरू असं मला वाटत होतं, पण गाळ पिनेत शिरला की त्या कुरकुरत राहतात. नव्याच घ्या. बारावी झडप पिळली होती, तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

चौकटीभोवतीचा गिलावा पोकळ झाला होता. बोटानं टकटक केलं की डबा वाजल्यासारखा आवाज. चौकट आणि भिंत यांच्या फटीत गाळ होता, तो खरवडून, पाणी मारून, मगच सिमेंट. गवंडी आणि बिगारी दोन दिवस ३,२००, सिमेंट-वाळू १,२००. दुकानदार म्हणाला, "सिमेंटचा जीएसटी २८चा १८ झालाय, तुमचं नशीब." तो झाला त्याच २२ सप्टेंबरला, ज्या दिवशी आम्ही घर सोडलं. नशीब म्हणायला हरकत नाही.

आता काच. चौदा लहान तावदानं, चार मिलिमीटरची साधी काच, ५५ रुपये फूट. माप होतं साडेनऊ बाय साडेतेरा इंच. बिल आलं बारा बाय पंधराचं. मी हिशेबनीस माणूस, लगेच अडलो. दुकानदारानं शांतपणे सांगितलं की काचेचं माप तीन-तीन इंचांच्या पटीत वर धरतात, कापून उरलेली पट्टी कुणी घेत नाही. आमच्या भागात तरी हा रिवाज आहे. अंदाज काढताना खरं माप धरलंत तर फसाल. चौदा तावदानांचे सुमारे ९६० झाले.

चार तावदानं खाचेत बसेनात. मी खाचेचं माप तंतोतंत दिलं होतं. काच खाचेपेक्षा एक सूत कमी हवी, म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकूड पावसाळ्यात फुगतं, तेव्हा काचेला जागा लागते. परत नेली. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरानं हिरकणी (काच कापायचं हत्यार) फिरवली, टक् असा एक आवाज, पट्टी वेगळी. पैसे घेतले नाहीत.

या उपकारानं मी बेफिकीर झालो. सरकत्या खिडक्यांच्या दोन काचा पाच मिलिमीटरच्या टफन्ड मागवल्या, म्हणजे परत कधी फुटल्या तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता बारीक खडे होतील. माप घेतलं आईच्या शिलाई मशीनच्या कापडी टेपनं. तो टेप तीस वर्षांत ताणून लांबला होता. लांबलेला टेप कमी माप दाखवतो. आठ दिवसांनी पहिली काच आली ती उंचीला तीन सूत लहान. खाली बसवली की वरून रबराच्या बाहेर. आता लहान काच मोठी कशी होणार? आणि मोठी आली असती तरी टफन्ड काचेवर हिरकणी चालत नाही. भट्टीतून निघाल्यावर ती कापायला गेलं की अख्खी उधळते. ९०० रुपये गेले. स्टीलचा टेप ८० रुपयांना मिळतो. दुसऱ्या वेळी कारागीर स्वतः येऊन माप घेऊन गेला, उंची तीन ठिकाणी, रुंदी तीन ठिकाणी, आणि सगळ्यात लहान आकडा धरला. पुरानंतर चौकट काटकोनात राहिलेली नसते म्हणून.

दोन टफन्ड काचा १,८००. बेअरिंग आठ नवीन ४८०, रबर, ब्रश आणि सिलिकॉन ६५०, मजुरी १,८००, शहरातून यायचे ५००. या खिडक्यांचं लाकडासारखं नसतं, वाळायची वाट बघावी लागत नाही. गाळ निघाला आणि बेअरिंग बदललं की ती पहिल्यासारखी पळते.

लाकडी तावदानं मात्र जुन्या पद्धतीनं लांबी (काच धरून ठेवणारा लगदा) भरून बसवली. खडूची पावडर आणि जवसाचं तेल, कणकेसारखं मळायचं. मामांनी मळायला आईला दिलं. "चपातीची कणीक नाही, कडक भाकरीचं पीठ समजा," असं सांगून. आईनं एकदा वास घेतला आणि म्हणाली, चटणीचं जवस खिडकीला लावायलेत. लांबी भरल्यावर दोन आठवडे रंग लावू नये. वर साय धरते, आत मऊच असते. तोपर्यंत झडपा आपटायच्या नाहीत. हे घरात लहान पोरं असणाऱ्यांनी ध्यानात घ्या. माझ्या पुतण्यानं एक तावदान सरकवलंच.

न फुटलेल्या काचांपैकी काहींवर दुधी, इंद्रधनुषी डाग राहिले. या काचा मी काढल्यावर एकावर एक ओल्याच रचून ठेवल्या होत्या. दोन काचांमध्ये पाणी कोंडून राहिलं की ते काचेलाच खातं. व्हिनेगर, लिंबू, राख सगळं करून बघितलं, गेले नाहीत. रचायच्याच असतील तर कोरड्या करून, मध्ये वर्तमानपत्र घालून, उभ्या ठेवा.

गजांचा गंज तारेच्या ब्रशनं काढून रेड ऑक्साइड लावला. रंग-प्रायमर-पॉलिशपेपर २,९००, रंगारी चार दिवस ३,२००. रंगाऱ्याला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला जायचं होतं, म्हणून काम १३ जानेवारीला संपलं. त्या दिवशी घरात खिडकी बंद केल्याचा आवाज आला आणि आई आतून ओरडली, "कोण आहे?" चार महिने तो आवाज तिनं ऐकला नव्हता.

एकूण २७,१४० रुपये, त्यात माझे ९०० वाया. माझ्या रजा नऊ. मदत १०,०००.

आप्पांनी रेघ आणि वजनाचे आकडे रंगाऱ्याला पुसू दिले नाहीत. तेवढा एक पट्टा जुन्या रंगाचाच राहिलाय. आणि पिळलेली बारावी झडप अजून ओसरीत आहे, दोन फळ्यांमध्ये दाबून, वर जात्याची तळी ठेवून. तिच्या जागी सध्या पत्रा ठोकलाय. मामा म्हणालेत, उन्हाळा जाऊ दे, मग बघू. मागच्या रविवारी तिचं वजन ६ किलो ६०० भरलं.

"दोनशे ग्रॅम राहिलंय अजून," आप्पा म्हणाले, आणि परत तळी ठेवली.